बुर्गीच्या कुरणाचा आराम

इनरलानच्या बुर्गीने चौतीस हिवाळे लोकांच्या बुडाखाली दांडा दिला. वाक्य जरा अंगावर येतं खरं, पण कामच तसं होतं. गावातल्या एकुलत्या एक स्कीच्या उतारावर वर जायला तार होती आणि त्या तारेला लोंबणारे लाकडी आडवे दांडे. खाली जोडीने उभ्या राहिलेल्या दोघांच्या मागे तो दांडा नेमका टेकवायचा आणि ओरडायचं, "बसू नका! उभे राहा, तोच नेईल तुम्हाला!" बसला तो आपटला. सहाफुटी डच बाप आणि त्याच्या कमरेएवढी लेक अशी जोडी आली तरी बुर्गीचा दांडा दोघांनाही न्याय देई. त्यामुळे तिची माणसांशी ओळख पाठीकडून. दुकानात कुणी समोरून हसून विचारपूस केली तर ती गोंधळायची, आणि तो वळून चालू लागला की म्हणायची, "अगं बाई, हे तर रॉटरडॅमचे!"

ऑक्टोबरच्या शेवटी अग्निशमन दलाची मेजवानी झाली. तीत लिफ्टचा प्रमुख रुपर्ट उठून उभा राहिला. हा रुपर्ट शाळेत बुर्गीच्याच बाकावर बसायचा. तरुणपणी स्कीच्या शर्यतीत दोन चषक काय मिळवले, तेव्हापासून तो गावात थोडा अधांतरीच चालत होता. त्याने जाहीर केलं, की यंदापासून लिफ्टला आपोआप उघडणारं फाटक बसतंय. मग बुर्गीच्या हातात फुलांचा गुच्छ दिला. "चौतीस वर्षं राबलीस, बुर्गी. आता आराम कर!"

टाळ्या झाल्या. सगळे वाजवतायत म्हणून बुर्गीनेही वाजवल्या. घरी येऊन फुलं पाण्यात ठेवताना तिच्या लक्षात आलं, की आपल्याला नोकरीवरून काढलंय.

तेही कदाचित तिने गिळलं असतं. एकोणसत्तर वर्षांत बाईने बरंच गिळलं होतं. पण पुढे संत मार्टिनचा दिवस आला.

इनरलानचा उतार लिफ्टच्या मालकीचा नाही. उन्हाळ्यात ती सात घरांची सात कुरणं असतात. बर्फ पडला की बांध दिसत नाहीत, एवढंच. म्हणून दर संत मार्टिनच्या दिवशी, नोव्हेंबरच्या अकरा तारखेला, लिफ्टच्या प्रमुखाने रानबोरांच्या दारूची बाटली घेऊन सात दारं चढायची, टोपी काढायची आणि एकच वाक्य म्हणायचं: "हिवाळाभर तुझ्या गवतावरून जाऊ देशील का?" मालकाने एक प्याला घ्यायचा, विचारणाऱ्याने एक. झाला हिवाळा मोकळा. कागद नाही, सही नाही. बुर्गीचं घर सगळ्यात वरचं, म्हणजे सातवं. तिथे पोचेपर्यंत प्रमुखाच्या पोटात सहा प्याले गेलेले असत आणि ते एक वाक्य फार लांब आणि फार हळवं झालेलं असे.

यंदा रुपर्ट सहा घरं फिरला आणि खानावळीत जाऊन बसला. कुणी विचारलं तेव्हा म्हणाला, "बुर्गीला काय विचारायचं? ती आपलीच!"

इकडे बुर्गीने दुपारपासून टेबलावर दोन प्याले पुसून ठेवले होते. धुतलेला एप्रन बांधला होता. पाचला अंधार पडला तेव्हा तिने प्याले कपाटात ठेवून दिले. त्या दिवशी ती रडली असती तर गावाचं भलं झालं असतं. पण ती हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिच्या कुरणातून मेखा ठोकल्याचे आवाज येऊ लागले. तिचं कुरण म्हणजे उताराचा गळा. एका बाजूला रान, दुसऱ्या बाजूला ओढ्याची घळ, आणि मध्ये जेमतेम तीस पावलं गवत. तेवढ्या तीस पावलांवर तिने लार्च नावाच्या डोंगरी झाडाच्या तिरक्या फळ्यांचं कुंपण घातलं. एकही खिळा नाही. सगळे बंध चुलीवर शेकून मऊ केलेल्या फांद्यांचे, बापाने शिकवले तसे. असं कुंपण तीस वर्षं टिकतं. खानावळवाली ओटिली धापा टाकत वर आली.

"बुर्गी, हे काय मांडलंयस?"

"मला आराम करायला सांगितलंय. मी म्हटलं, कुरणही बरीच वर्षं राबलंय बिचारं. त्यालाही आराम हवा."

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात कमरेइतका बर्फ पडला आणि त्यातून कुंपण छातीएवढं वर राहिलं. रुपर्टने आधी परवानगीचा एक छापील अर्ज पाठवला, सोबत सहीला पेन. पेन बुर्गीने ठेवून घेतलं. कागदाने चूल छान पेटली. मग फादर ग्रेगोर आले, पावाच्या गोळ्यांचं सूप दोनदा वाढून घेऊन प्यायले, आणि तोंड पुसून म्हणाले, "प्रभू सांगतात, कुणी एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करावा."

"गाल केला असता, फादर. पण रुपर्टची लाथ गालावर बसलेली नाही."

फादरांनी तिसऱ्यांदा सूप मागितलं आणि विषय सोडला.

लिफ्ट सुरू झाली ती दांडा टेकवायला कुणी नसताना. फाटक आपोआप उघडे आणि माणसं आपोआप आपटत. जी वर पोचत ती सुसाट खाली येऊन कुंपणाशी थांबत. मग स्की काढ, खांद्यावर घे, त्या अवजड बुटांनी फळ्यांवर चढ, पलीकडे उतर. बुर्गी कुंपणाजवळच्या बाकावर विणकाम घेऊन बसलेली असे. "उजवा पाय आधी, ताई. हां. आणि तक्रार असली तर खाली रुपर्ट म्हणून आहे, लाल टोपीवाला." तिसऱ्या दिवशी लाल टोपी घालायचं रुपर्टने सोडून दिलं.

मात्र हा सूड फुकटचा नव्हता. पाहुण्यांनी नाताळच्या आठवड्यासाठी राखलेल्या खोल्या रद्द होऊ लागल्या. ओटिलीच्या चार गेल्या. बुर्गीच्या भाड्याने द्यायच्या दोनच खोल्या होत्या. बावीस वर्षं न चुकता येणाऱ्या डच कुटुंबाने फोन करून अवघडत सांगितलं की यंदा शेजारच्या खोऱ्यात जातो. त्यांच्यासाठी केलेल्या व्हॅनिलाच्या बिस्किटांचे दोन डबे फळीवर तसेच राहिले. ओटिली फणकारली, "रुपर्टला अपशकुन व्हावा म्हणून तू आपलं नाक कापून घेतेयस. आणि त्यात आमचीही नाकं जातायत!"

बुर्गी ती बिस्किटं एकटीच खात बसली. पण कुंपण काढायचं तिच्या मनात एकदाही आलं नाही. "ओटिली," ती शेवटी म्हणाली, "अर्ध्या तासाची चढण आहे आणि एक वाक्य आहे. तो म्हणतो मी आपलीच. आपल्याच माणसाकडे यायला त्याला एवढं जड का जावं?"

ओटिलीने हे खाली जाऊन शब्दशः सांगितलं, आणि त्या रात्रीपासून रुपर्टला खानावळीत गरम जेवण मिळेनासं झालं.

नाताळच्या आधीच्या रविवारी चर्च सुटलं तेव्हा रुपर्ट बाटली घेऊन वाटेला लागला. पायी. मागून सगळं गाव निघालं, आपण सहज फिरायला आलोय अशा चेहऱ्याने. फादरसुद्धा.

बुर्गी दारात उभी होती. तिने आत या म्हटलं नाही. रुपर्टने टोपी काढली. टकलावर बर्फ पडू लागला.

"बुर्गी, हिवाळाभर तुझ्या गवतावरून..." पुढचं पुटपुटला.

"मोठ्याने बोल. आराम करायला लागल्यापासून मला जरा कमी ऐकू येतं."

तो पुन्हा म्हणाला.

"मला पोचलं रे. पण ओढ्यापाशी ते मागे उभे आहेत, त्यांना नाही पोचलं."

तिसऱ्यांदा तो असा ओरडला की समोरच्या कड्यानेही बुर्गीची परवानगी मागितली. बुर्गीने प्याला घेतला, सावकाश संपवला, आणि त्याचा भरून त्याच्या हातात दिला.

"उद्यापासून लिफ्टवर परत ये," तो हळू म्हणाला. "ते फाटक काढून टाकतो."

"नको. पहिल्याच दिवशी विचारायचं होतंस. आता मला बाकावर बरं वाटतं."

तिने आत जाऊन कुऱ्हाड आणली आणि कुंपणाच्या मधोमध दोन बंध तोडले. एक माणूस जाईल एवढीच वाट झाली. "गवत दिलं," ती म्हणाली. "पण भरधाव जायचं नाही. इथे येताना प्रत्येकाने वेग कमी करायचा."

दुसऱ्या सकाळी अख्खी स्की शाळा कुंपणापलीकडे उभी होती, नऊ डच पोरांसकट. पहिला आला रुपर्ट. दोन चषकांचा मालक, ज्याने जन्मात कधी लोकांसमोर वेग कमी केला नव्हता. त्या फटीसमोर त्याला पहिल्या दिवशीच्या पोरांसारखी स्कीची टोकं आत वळवावी लागली, गुडघे जोडावे लागले, बूड मागे काढावं लागलं. पोरं खिदळली.

"छान," बुर्गी टाके मोजत म्हणाली. "पण फार जोरात आलास, रुपर्ट. परत वर जा आणि पुन्हा ये."

तो गेला.