हलक्या बॅटरीचं वजन

आमचं घर उजवीकडे कललं, तेव्हा माझ्या भाकऱ्या मोजण्यात आल्या.

घर म्हणजे टेम्पो. मागच्या हौद्यावर लोखंडी सांगाडा उभा करून पत्रा मारला आहे आणि आत ओटा, कपाट, पलंग असं सगळं बसवलं आहे. त्यात आम्ही तिघं राहतो. मी, आमचे हे आणि सासूबाई (त्यांना मी आत्याबाई म्हणते). एक दिवस उंद्रीचा बाजार, एक दिवस अमडापूरचा, मग मेहकरकडे. हे बाहेर पाल ठोकून ब्लाउजपीस आणि लहान पोरांचे कपडे विकतात, मी आत उजव्या खिडकीशी शिलाई मशीनवर बसते. सकाळी माप द्या, संध्याकाळी ब्लाउज न्या. बायका येतात, मी टेप लावते, काय सांगायचं ते टेप सांगतो. मला बोलावं लागत नाही. चौथीपर्यंत शाळेत होते तेव्हाही हजेरीला मी नुसता हात वर करायची. गुरुजींनी कितीतरी दिवस माझी गैरहजेरी मांडली होती.

म्हणून मला हे घर आवडतं. जिथं थांबावं तिथं लोक चांगले आणि ओळख वाढून बोलायची वेळ येण्याआधी आपण पुढच्या गावाला.

अडचण होती ती विजेची. छतावर सोलरच्या प्लेटा आहेत आणि डाव्या बाजूच्या लोखंडी पेटीत चार बॅटऱ्या होत्या. त्या पेटीवर गादी घातली की तोच आत्याबाईंचा पलंग. बॅटऱ्यांत दर महिन्याला पाणी भरायचं काम माझं. एकेकीला उचलायला दोन माणसं लागत, पण दिवसभर मशीन चालवायची म्हटली की चौघींना धाप लागे. बाजारात गाडी झाडाखाली लावावी लागते, नाहीतर पत्र्याखाली माणूस भाजून निघतं. झाडाखाली लावली की प्लेटांना ऊन नाही. मग दुपारी मशीनची मोटर रडायला लागायची आणि मी पाय मारत बसायची. माझा उजवा गुडघा पाय मारायला नको म्हणतो. दोन वर्षांपासून म्हणतो आहे. (त्याला तरी बोलता येतं.)

शेवटी यांनी ठरवलं, लिथियमची बॅटरी घ्यायची. पण अट घातली. "हे बी नाही जमलं तं गाडी इकून टाकू. मेहकरले खोली करू."

"खोलीच बरी," आत्याबाई म्हणाल्या. "घर कसं, जमिनीवर पाह्यजे."

खोली म्हणजे शेजारणी, आणि शेजारणी म्हणजे दारात उभं राहून बोलणं. गिऱ्हाईक आपण होऊन यायचं नाही, घरोघर जाऊन काम मागावं लागेल. मी काही बोलले नाही. (हे वाक्य या गोष्टीत पुढे जागोजागी आपलं आपण धरून चालावं.)

मेहकरचे शकीलभाई सोलरचं काम करतात. ते नवी बॅटरी एकटेच छातीशी धरून घेऊन आले, जसं कोणी पाहुण्यांचं लेकरू आणावं. जुन्या चारही काढल्या, चार्जिंगचा डबा बदलला आणि पेटीच्या चार खणांपैकी एकाच खणात ती बसवली. बाकीचे तीन खण रिकामे.

आत्याबाईंनी वाकून पाहिलं. "एवढीशी? अन् इतकी हलकी? आत काही हाये का नुसता डब्बाच?"

"हलकी हाये तेच तं तिचं चांगलं हाये, खाला," शकीलभाई म्हणाले. "भाभी, हिले पाणी नको, काही नको. फक्त तिच्या खणात दुसरं सामान कोंबू नका, हवा राहू द्या. आठ दिवस वापरून पाहा. नाही पटली तं जुन्या तुमच्या, नवी माझी."

त्या दिवशी मोटर संध्याकाळपर्यंत एका सुरात चालली. सहा ब्लाउज झाले आणि गुडघ्याला दिवसभर काही काम नव्हतं. मी मनातल्या मनात त्या बॅटरीची दृष्ट काढली.

दुसऱ्या दिवशी उंद्रीला थांबलो. मी पीठ मळायला परात ठेवली, तर पाणी एका कडेला जाऊन उभं राहिलं. वरण ताटातल्या भाताला सोडून निघालं. दुपारी आत्याबाई झोपल्या त्या पलंगावर आणि उठल्या त्या खाली.

"मले कोणी लोटलं वं?"

"कोणी नाही, आत्याबाई."

"मंग मी काय माह्या हौसेनं आली इथं?"

हे आले. त्यांनी मान वाकडी करून घराकडे पाहिलं आणि निकाल दिला, की जागा उतरती आहे. त्या दिवशी आम्ही उंद्रीच्या बाजारात चार वेळा गाडी हलवली. शेजारच्या, आमच्यासारखंच बाजारोबाजार फिरणाऱ्या कांदेवाल्याने चारही वेळा आपले कांदे उचलले. चौथ्या वेळी तो म्हणाला, "रमेशभाऊ, तुमी एकदा पूर्ण बाजार फिरून या, मंगच मी कांदे मांडतो."

जागा बदलली, कल बदलला नाही. मग यांनी टायर धरला. उजव्या टायरात हवा भरली. पुन्हा भरली. टायर असा टणक झाला की रस्त्यातला खडा गेला तरी कपाटातले डाव बाहेर यायचे. मला मात्र पहिल्याच दिवशी कळलं होतं. नऊ वर्षं मी त्या चार बॅटऱ्यांना पाणी पाजलं, पेटीत काय होतं आणि काय राहिलं नाही हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक असणार? डाव्या बाजूचं वजन शकीलभाई घेऊन गेले होते. यांनाही ते कळायला हवं होतं, पण हे म्हणत, "वजन कमी झालं तं गाडी वर उठते. कलते कायले?" एवढ्या ठामपणे बोललेलं वाक्य खोडायला माझ्याइतका भित्रा माणूस नाही चालत.

तिसऱ्या दिवशी आत्याबाईंनी शोध स्वतःच्या हाती घेतला. जमिनीवर मधोमध एक लिंबू ठेवलं. लिंबू घरंगळत निघालं आणि थेट माझ्या मशीनच्या पायाशी येऊन थांबलं.

"शोभे, ऊठ जरा. इकडं ये, माह्या पलंगावर बस."

मी उठून डावीकडे बसले. आत्याबाईंनी लिंबू पुन्हा ठेवलं. ते थोडं डुललं आणि थांबलं.

आत्याबाईंनी लिंबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग यांच्याकडे. कोर्टातसुद्धा इतका स्वच्छ पुरावा मिळत नसेल.

"तीन भाकरी खाते ते," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. (हलक्या म्हणजे कांदेवाल्याला ऐकू जाईल इतक्या.)

त्या दिवसापासून मला दोन भाकऱ्या मिळू लागल्या. आत्याबाई माणूस वाईट नाहीत. तिसरी त्या स्वतः खात, म्हणजे वजन डाव्या बाजूला जाईल. माप द्यायला आलेल्या बायकांनाही त्यांनी सांगितलं, की सुनेच्या बसण्यानं गाडी वाकली. आलेली प्रत्येक बाई माझ्याकडे पाही, मग गाडीकडे. मी टेप तोंडात धरून खाली बघे. सांगायचं तर सोपं होतं. "बॅटरी हलकी झाली म्हणून," एवढंच. पण मी नुसती लाजत नव्हते, घाबरतही होते. कारण चौथ्या दिवशी आत्याबाई यांना म्हणाल्या, "हे नवी बॅटरी आली तवापासून घराले काहीतरी झालं गा. देऊन टाक परत. आठ दिवसाची मुदत हाये ना?"

"पाहू," हे म्हणाले.

यांचं 'पाहू' मी ओळखते. खरं कारण सांगावं, तर बॅटरी परत जाणार. न सांगावं, तरी घर वाकडं म्हणून परतच जाणार. आणि बॅटरी गेली की मोटर गेली, मोटर गेली की गाडी गेली. माझी खिडकी, माझा पडदा, माझं न बोलता चाललेलं आयुष्य.

मग मी दगड आणायला लागले.

सकाळी हापशावर धुणं घेऊन जायचं आणि येताना बादलीत धुण्याखाली एक दगड. आत्याबाई सकाळी चहा घेऊन बाहेर बसतात, तेवढ्यात गादी उचलायची आणि रिकाम्या खणात ठेवायचा. बॅटरीच्या खणाला मी हात लावला नाही, शकीलभाईंचा शब्द पाळला. एका गावच्या हापशावर एक म्हातारी माझ्याकडे बघत होती.

"बाई, बादलीत काय हाये वं?"

"धुणं."

"धुणं वाजून कसं राह्यलं?"

मी पदर दातात धरला आणि चालू लागले. ती मागून म्हणाली, "जाड लुगडं दिसते."

दगड नुसते ठेवले तर गाडी चालताना खडखडले असते. म्हणून मी त्यांना उरल्यासुरल्या अस्तराच्या पिशव्या शिवल्या. दगडाला माप लावणं ब्लाउजपेक्षा सोपं असतं, तो श्वास रोखून पोट आत घेत नाही. एका पिशवीला हाताच्या सवयीनं मी हूक-काजही करून टाकलं.

रोज दोन-तीन दगड. सहाव्या दिवशी वरण ताटात जागेवर राहिलं. सातव्या दिवशी आत्याबाईंनी लिंबू ठेवलं आणि ते हललंच नाही.

"पाह्य," त्या म्हणाल्या, "एक भाकर कमी केली तं किती फरक पडला."

"टायर बसला आता बराबर," हे म्हणाले.

दोघंही खूश होते. मीही. कंबर तेवढी धरली होती.

आठव्या दिवशी आम्ही अमडापूरच्या बाजारात होतो आणि शकीलभाई विचारायला आले, ठेवता की परत करता. यांचा उत्साह उतू जात होता. आजूबाजूचे चार-पाच दुकानदार गोळा झाले, त्यात तो कांदेवाला होताच.

"परत? काऊन?" हे म्हणाले. "आधी हे पेटी हलवाले चार माणसं लागत. आता पाह्य, मी एकटा सरकवून दाखोतो."

मी मशीनवर होते. सुई थांबली.

"अवो, ऐकलं का," मी म्हणाले. इतक्या हळू की माझं मलाच ऐकू आलं नाही.

यांनी गादी बाजूला केली, पेटीची कडी धरली आणि ओढली. पेटी हलली नाही. दोन्ही हातांनी ओढली. पेटी हलली नाही, पण यांच्या पाठीत काहीतरी हललं. ते तसेच वाकून उभे राहिले.

कांदेवाला म्हणाला, "हलकी दिसते."

शकीलभाईंनी झाकण उघडलं. एका खणात बॅटरी शहाण्यासारखी बसलेली आणि तीन खणांत गुलाबी, हिरव्या, पिवळ्या अस्तराच्या पिशव्या. त्यांनी एक उचलून आत पाहिलं. "रमेशभाऊ, हे तं गोटे हायेत."

"गोटे?" आत्याबाई पुढे आल्या. "मी गोट्यावर झोपून राह्यली होती?" मग त्यांनी दुसरी पिशवी हातात घेतली, उलटी केली, टाका पाहिला. "हे हूक शोभीचं हाये."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. दुकानदार, शकीलभाई, माप द्यायला आलेली एक बाई आणि वाकलेल्या अवस्थेतून मान वर करून हे. गुरुजींसमोर होतं तसं झालं. हात वर करावासा वाटला. पण हात वर करून हे सुटण्यासारखं नव्हतं.

"बॅटरी परत देऊ नका," मी म्हणाले. "ते हलकी झाली म्हणून घर कललं, पण त्यात तिचा दोष नाही. मोटर दिवसभर चालते. माहा गुडघा दुखत नाही. मले खोलीत नाही राह्यचं. म्हणून मी गोटे भरले."

लग्नानंतर मी एका दमात इतकं कधी बोलले नव्हते. आत्याबाईंच्या हातातली पिशवी तशीच राहिली.

हे वाकलेलेच म्हणाले, "मले सांगितलं काऊन नाही वं?"

"तुमी टायर पाहून राह्यले होते."

शकीलभाई तोंडावर रुमाल धरून गाडीखाली गेले. थोड्या वेळानं खालूनच आवाज आला, "रमेशभाऊ, डाव्या चाकावरच्या स्प्रिंगच्या पाट्यात एक पट्टी जास्तीची हाये. वजन गेलं तसं तिनं डावी बाजू वर उचलली. कोणं टाकली?"

यांनी पाठ चोळली. "मीच," ते म्हणाले. "नऊ वर्षं झाले. बॅटऱ्याच्या वजनानं गाडी डावीकडं बसे, म्हणून. ध्यानातच नाही राह्यलं."

म्हणजे एक पट्टी काढायची होती. गॅरेजमधलं अर्ध्या तासाचं काम. त्यासाठी मी तीन गावांचे हापसे पालथे घातले होते आणि पहिल्या दिवशी तोंड उघडलं असतं तर एकही दगड उचलावा लागला नसता.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, दगड निघाले. हूकवाला मात्र आत्याबाईंनी ठेवून घेतला, मिरच्या ठेचायला बरा आहे म्हणाल्या. तिसरी भाकरीही त्यांनी स्वतःहून माझ्या ताटात वाढली. खोलीचं नाव परत कोणी काढलं नाही. आता घरात काही कुरकुर झाली की हे आधी मला विचारतात, "तुले काही माहीत हाये का?" आणि मी सांगते, निदान हात तरी वर करते.

पट्टी निघाली त्या संध्याकाळी आत्याबाईंनी मधोमध लिंबू ठेवलं. बॅटरी एका खणात, तीन खण रिकामे, पट्टी नाही, दगड नाही, टायरात हवा बरोबर. मी मशीनवर बसले होते.

लिंबू जरा वेळ विचार करत थांबलं आणि मग अगदी सावकाश घरंगळत येऊन माझ्या पायाला लागलं.