बनकरमामांचं निरंक

बनकरमामांनी पहिल्यांदा माझ्या टेबलावरचं पेशंटचं रजिस्टर स्वतःच्या हाताने आपल्याकडे ओढलं, तेव्हा मी त्यांना दवाखान्याबाहेर काढणार होते. काय धिटाई माणसाची! चिकलठाण्यात दवाखाना टाकून मला जेमतेम महिना झाला होता. बाकावर सात-आठ पेशंट, त्यात सोमवार, आणि हे गृहस्थ हेल्मेट काखेत मारून सरळ आत. नमस्कार नाही, नाव नाही. रजिस्टर उघडलं आणि नावांवरून बोट फिरवायला लागले.

"अहो, काय चाललंय हे?"

"पंधरा वर्षांच्या आतलं लेकरू, अचानक हात लुळा पडला, पाय लुळा पडला. हाय का कुणी?"

"नाही."

"बघून सांगा."

"मी डॉक्टर आहे. असं मूल आलं तर माझ्या लक्षात राहणार नाही का?"

"आठवणीचं नको, मॅडम. कागदाचं बोला." बोट शेवटच्या नावापर्यंत गेलं, रजिस्टर माझ्याकडे परत सरकलं. मग त्यांनी पिशवीतून छापील तक्ता काढला आणि माझ्या दवाखान्याच्या नावासमोर लिहिलं, निरंक. तेव्हा कुठे हात जोडले. "आता नमस्कार. मी निवृत्ती बनकर."

ते एका आंतरराष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या इथल्या ऑफिसात होते. आधी त्यांच्या जीपवर ड्रायव्हर, मग हे काम मिळालं. देशातून पोलिओ गेला त्याला कितीतरी वर्षं झाली. पण नुसता गेला म्हणून भागत नाही, तो परत आलेला नाही हे दर आठवड्याला दाखवून द्यावं लागतं, हे मला, एवढी शिकून-सवरून, या दहावी झालेल्या माणसाकडून कळलं. अचानक लुळं पडलेलं प्रत्येक मूल शोधायचं. त्याच्या शौचाचे दोन नमुने चौदा दिवसांच्या आत बर्फाच्या डब्यातून मुंबईला तपासायला पाठवायचे. आणि असं मूल नसेल तर 'नाही' म्हणून कळवायचं. सरकारी भाषेत त्या 'नाही'ला निरंक म्हणतात. मामा सोमवारी दवाखाने, हाडवैद्य, पडेगावचे एक अंगारा देणारे बाबा, अशा सगळ्यांकडून निरंक गोळा करत फिरायचे. तो कागद जिल्ह्याला, तिथून दिल्लीला, तिथून जिनिव्हाला, संस्थेच्या मुख्य ऑफिसात.

"काही नाही हे सांगायला एवढी पायपीट?" मी एकदा हसून विचारलं. मामा मात्र हसले नाहीत.

"गप बसणं म्हंजे निरंक नाय, मॅडम. गप बसलेल्या दवाखान्यात लेकरू हाय का नाय, देवाला ठाऊक. निरंक म्हंजे कुणीतरी बघितलंय."

आणि त्यांची ती जिनिव्हाची बाई! कुठल्याशा ट्रेनिंगमध्ये साहेबांनी सांगितलं होतं म्हणे, की जिनिव्हाला एक बाई बसते आणि जगभरातून आलेले असे कागद दर मंगळवारी उघडते. साहेब काय, हुरूप यावा म्हणून बोलले असतील. मामांनी ते काळजाला लावून घेतलं. पावसात भिजून आले तरी, "उद्या बाई कागद उघडंल आन आपला रकाना कोरा दिसंल, बरं दिसतं का ते?" ऑफिसातले लोक त्यांची टर उडवायचे. मीही कमी नव्हते. "मामा, तुमच्या बाईला माझा नमस्कार कळवा," असं निघताना हमखास म्हणायचे. ते मान डोलवायचे, जसे काही खरंच कळवणार आहेत.

माणूस तसा मुलखाचा गप्पिष्ट. पैठणला धरण किती भरलं, शेंद्र्याला कुठल्या कंपनीत भरती निघाली, आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी येणार, सगळी खबर त्यांच्याकडे. पण बोलताना नजर कायम खाली. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक लेकराचे पाय बघायचे. कुणाच्या लग्नात गेले तरी नवरदेवाकडे लक्ष नाही, मांडवात पळणाऱ्या पोरांकडे डोळे. "सवय लागली बगा," म्हणायचे, "आधी पाय, माणसाचं तोंड मला मागून दिसतं."

दोन वर्षांपूर्वीचा एक सोमवार. साथीचे दिवस होते, बाक भरून पेशंट दाराबाहेर उभे. मामा आले, हात रजिस्टरकडे गेला, आणि मी त्यावर हात ठेवला. "मामा, आज नको हो, जीव जायची वेळ आलीय. निरंकच आहे, लिहून टाका." ते घुटमळले. इतक्या वर्षांत त्यांनी असं कधी ऐकून घेतलं नव्हतं. त्या दिवशी ऐकलं. माझा घामाघूम चेहरा बघून त्यांना दया आली असावी. उभ्या-उभ्या निरंक लिहिलं आणि गेले.

पुढच्या सोमवारी अकराला आले ते दारातच थांबले. हेल्मेट डोक्यावर तसंच. डोळे सुजलेले.

"मॅडम, मागच्या सोमवारचं निरंक खोटं होतं."

"काहीतरीच काय! कुणी सांगितलं?"

"रजिस्टर काढा. त्याच्या आधीचा बेस्तरवार."

मी पान काढलं. त्यांनी बोट ठेवलं. आरोही, वय चार, ताप, डावा पाय टेकवत नाही. माझंच अक्षर. मला अंधूक आठवलं. तापाने फणफणलेलं मूल, सोबत आई. मी पाय नीट तपासलाही नव्हता. तापात दुखत असेल म्हणून औषधाची बाटली देऊन मोकळी झाले होते.

"कोण आहे ही?"

"माझी नात हाय, मॅडम."

मी ती ओळ पुन्हा वाचली. शेंद्र्याला दिलेली त्यांची मुलगी सविता लेकराला घेऊन माझ्याकडे आली होती, कारण बाप सारखं सांगायचा, आमच्या मॅडम लई चांगल्या! आडनाव सासरचं, मला काय कळणार? पण मामांना कळलं असतं. त्या सोमवारी मी हात मध्ये घातला नसता, तर त्यांचं बोट स्वतःच्या नातीच्या नावावर जाऊन थांबलं असतं.

सविताने बापाला मुद्दामच काही सांगितलं नव्हतं. तिच्या नणंदेचं लग्न ठरलेलं. बाबांना कळलं की फॉर्म भरणार, गाडी येणार, माणसं गल्लीत घरोघर विचारत फिरणार, म्हणजे लग्न मोडलंच. रविवारी मामा सहज तिच्या घरी गेले. आजोबा दिसले की सुसाट पळत येणारी पोर जागची उठली नाही, बसल्या-बसल्या तिने हात पसरले. मामांनी उचलून उभी केली तर दोन्ही पाय दुमडले. पाय टेकवेनासा होऊन अकरावा दिवस होता.

"जावई म्हणाला, घाटीत न्या, पण नाव लिहू नका. सवितानं पाय धरले माझे. पोटची पोर, मॅडम, पाय धरून रडती. मी म्हणालो, बाई, दुसऱ्याच्या लेकराचं लिवतो आन माझ्याचं लपवू का? तर म्हणती, कोण ती जिनिव्हाची बाई? हाय तरी का ती? नसलेल्या बाईपायी माझं घर उठवता!" एवढं सांगून मामा माझ्यासमोर ढसाढसा रडले.

त्यांनी रविवारीच पोरीला घाटीत, सरकारी दवाखान्यात, भरती केलं आणि फॉर्मही भरला. तो मी नंतर पाहिला. प्रथम कुठे दाखवले, यापुढे माझं नाव. दवाखान्याने कळवले का? नाही. मी भडकले! माझी चूक होती हे कळत होतं, तरी भडकले. "मामा, माझं नाव घातलंत? इतक्या वर्षांची ओळख आपली!"

"माझं बी हाय. खाली बगा."

खाली शेऱ्याच्या जागी लिहिलं होतं: सोमवारी मी रजिस्टर बघितले नाही, न बघता निरंक लिहिले. नि. बनकर. ऑफिसातल्या साहेबांनी त्यांना समजावून पाहिलं, की त्या दिवशी दवाखाना बंद होता असं लिहू, कुणाला त्रास नको. मामा ऐकेनात. त्यांना मेमो मिळाला. मला एक पत्र आलं, जाहीर बभ्रा काही झाला नाही. पण ते पत्र वाचून मी दोन दिवस जेवले नव्हते.

सोमवारी दुपारी, घाटीत दाखल होऊन एक दिवस होतो न होतो तोच, आरोहीचा श्वास अडकायला लागला. पोलिओ नव्हता तो. नसांचा आजार होता, पायांतून छातीपर्यंत चढत गेलेला. दवाखान्यात होती म्हणून यंत्रावर घेता आलं, म्हणून जगली. घरी असती तर? ती बाटली मी दिली होती.

पोलिओ नाही असा मुंबईचा निकाल यायला काही आठवडे गेले. तोवर गल्लीत 'पोलिओचं घर' म्हणून नाव झालं होतं आणि नणंदेची सोयरीक मोडली होती. निकालाचा कागद कोण वाचतो? सविताच्या सासरचं दार मामांना बंद झालं ते झालंच. सविता बापाशी बोलेनाशी झाली. मामा सोमवारची फेरी उरकली की पोरीच्या शाळेसमोरच्या चहाच्या टपरीवर उभे राहायचे. "पाय बघून येतो. डावा अजून जरा ओढती. पण चालती."

मी मात्र त्यानंतर ते यायच्या आधीच रजिस्टर उघडून ठेवायला लागले. जिनिव्हाच्या बाईवरून चिडवणंही सोडलं.

यंदा ऑफिसच बंद झालं. बाहेरच्या देशांनी हात आखडता घेतला, संस्थेने इथली माणसं कमी केली. एका सकाळी ईमेल आला, महिनाअखेर शेवटची. बस्स, एवढंच! भाड्याच्या दोन खोल्या, बर्फाचे डबे, नकाशावरच्या टाचण्या, सगळं एका ईमेलवर आवरून टाकायचं? शेवटच्या सोमवारी मामा आले, रजिस्टर बघितलं, निरंक लिहिलं, आणि पिशवीतून एक कार्ड काढलं. ट्रेनिंगच्या पुस्तिकेचं शेवटचं पान कापून त्यांनी प्लास्टिकमध्ये घालून ठेवलं होतं. त्यावर जिनिव्हाच्या त्या विभागाचा ईमेल पत्ता.

"मॅडम, बाईला एक पत्र लिवायचंय. इंग्रजीत. मी सांगतो तसं लिवा, आपल्या मनचं घालू नका."

मी बाहेरच्या पेशंटना थांबायला सांगितलं. मामा ताठ बसून सांगू लागले. "बाई, मी चिकलठाण्याचा बनकर. माझी निरंकं सगळी खरी हायेत. एकच खोटं होतं, ते मी तवाच कळवलं. ते लेकरू आता चालतं. आमचं ऑफिस बंद झालंय, म्हणून पुढच्या मंगळवारी माझा कागद येणार नाय. पण त्याचा अर्थ निरंक असा घेऊ नका."

सांगितलं तसंच मी टाइप केलं. पाठवलं. आणि मिनिटभरात उत्तर आलं! मी दचकलेच. एवढ्या लवकर? उघडलं तर आपोआप जाणारं उत्तर होतं ते, कुणी पत्र पाठवलं की जाईल असं आधीच लिहून ठेवलेलं. मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. "माझं पद रद्द झाल्यामुळे हा पत्ता आता कुणी वाचत नाही. जिथून 'काही नाही' एवढंच कळवायचं होतं तिथूनही ज्यांनी इतकी वर्षं दर आठवड्याला कळवलं, त्यांची मी आभारी आहे. मी ते सगळं वाचत होते." खाली नाव होतं, हेलेना.

"बाईमाणसाचंच नाव ना हे?"

"हो, मामा."

ते खुर्चीतून उठून उभेच राहिले. तोंड उघडं, डोळे विस्फारलेले. "म्हंजे बाई होती!"

इतकी वर्षं मी त्यांची थट्टा केली होती.

"होती, मॅडम! बघा, मी सांगत नव्हतो?" आणि मग एकदम चेहरा पडला. "तिला बी काढलं?"

"हो."

"अरे अरे अरे." मामा हळूच खाली बसले. स्वतःच्या नोकरीबद्दल त्यांनी तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. "लेकरंबाळं असतील हो तिला." बाहेर कुणी खोकलं तेव्हा भानावर आले. "ह्याची प्रिंट काढून द्या. खाली मराठीत बी लिवून द्या, मोठ्या अक्षरात. सविताला दाखवायचीय."

मी प्रिंट काढली, खाली मराठीत लिहिलं, शेवटी माझी सही केली. त्यांनी ती घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली आणि हेल्मेट उचललं. शेंद्र्याच्या रस्त्याला त्यांची गाडी वळताना मी दारात उभी राहून पाहिली. तिकडे काय झालं असेल, दार उघडलं असेल की नाही, या विचारात माझा तो आठवडा गेला. फोन करायचं धाडस झालं नाही.

पुढच्या सोमवारी अकरा वाजले. सवयीने मी रजिस्टर उघडून ठेवलं. दारात कुणी नाही. सव्वाअकराला अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मॅडम, मी सविता. शेंद्र्याहून."

दोन वर्षांत तिच्याशी बोलायची माझी हिंमत झाली नव्हती. "सविता, अगं, माझ्या हातून त्या वेळी…"

"ते राहू द्या आता. बाबा हितंच बसलेत, आरोहीला घेऊन. म्हणतात, आधी मॅडमला इचार." पलीकडे पोरीचं खिदळणं ऐकू आलं, मग सविताने विचारलं, "हाय का कुणी?"

'नाही' अगदी ओठावर आलं होतं.

"थांब," मी म्हणाले, "बघून सांगते." आणि पहिल्या नावावर बोट ठेवलं.