आईच्या रुखवतातला टेबलक्लॉथ

आई गेल्यावर वाटून घेण्यासारखं फार काही नव्हतं. दागिने वहिनीकडे गेले. नाहूरचा फ्लॅट माझ्याकडे राहिला, कारण मी त्यात राहतच होते. आणि क्रोशाचा टेबलक्लॉथ माझ्या वाट्याला आला, कारण तो दुसऱ्या कुणाला नको होता. वहिनी म्हणाली, तो धुवायचा कुणी?

तो आईच्या रुखवतातला. लग्नात मांडवाच्या एका कोपऱ्यात नवरीच्या हातच्या वस्तू मांडतात, त्यात तो मधोमध होता म्हणे, आणि वरपक्षाच्या बायका हात लावून बघत होत्या. हे आम्ही लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की आम्हीही त्या लग्नाला गेलो होतो असं वाटायचं. लग्नानंतर मात्र आईने क्रोशाची सुई हातात धरलेली मी कधी पाहिली नाही. विचारलं की म्हणायची, संसारातून वेळ मिळतोय कुठे.

वर्षभर तो कपाटात पडून होता. मी एकटी जेवते, तेही टीव्हीसमोर ताट मांडीवर घेऊन. टेबलक्लॉथ कुणासाठी घालायचा? मग बोरिवलीहून भाचीचा फोन आला. तिचं लग्न ठरलं होतं आणि तिला रुखवतात म्हणे ‘हेरिटेज कॉर्नर’ करायचा होता. आजीने विणलेला टेबलक्लॉथ हवा. मला इतका आनंद झाला की आधी होच म्हणून बसले. फोन ठेवल्यावर घडी उघडली, तर घडीच्या रेषेवर चार बोटं सूत कुजून तुटलं होतं.

मुलुंडला एक बाई घरी क्रोशाचे क्लास घेतात असं कळलं. कापडी पिशवीत घालून तो त्यांच्याकडे नेला. त्यांनी चष्मा बदलला, पलंगावर तो पसरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. मग म्हणाल्या, “विणणाऱ्या बाई डावखुऱ्या होत्या, नाही का?”

मी हसले. आई लिहायची उजव्या हाताने, लाटणं धरायची उजव्या हाताने, आणि आम्हाला धपाटेही त्याच हाताने मिळाले होते. बाई काही हसल्या नाहीत. आपण विणतो ते खांब, म्हणजे उभे टाके, या बाजूला कलतात, इथले सगळे त्या बाजूला कललेत, असं त्यांनी बोट ठेवून दाखवलं. एकदा दाखवल्यावर मलाही दिसायला लागलं. “मी जोडून देईन,” त्या म्हणाल्या, “पण माझा हात वेगळा. ते दिसणार.” मग कोपऱ्यातलं एक फूल चिमटीत धरून म्हणाल्या, हे पूर्वी कधीतरी दुरुस्त केलेलं आहे, सूत थोडं नंतरचं आहे. पण हात तोच.

ते फूल कुणी दुरुस्त केलं होतं ते मला माहीत होतं. मी समोर बसून पाहिलं होतं.

मावशी, म्हणजे आईची थोरली बहीण, आमच्याकडेच राहायची. साकीनाक्याला एका कारखान्यात पॅकिंगचं काम करायची. तिचं लग्न का झालं नाही याला घरात एकच उत्तर होतं, जमलं नाही. ती डावखुरी होती. पाहुणे जेवायला असले की तिला वाढायला पाठवत नसत, न जाणो विसरून डावा हात पुढे करेल म्हणून.

मी चौदा वर्षांची असताना असेच कुणी पाहुणे यायचे होते. मावशी तो टेबलक्लॉथ अंथरत होती आणि तिची बांगडी कोपऱ्यातल्या फुलात अडकून ते उसवलं. मी तिच्यावर केवढ्याने ओरडले. म्हटलं, “आईने जीव ओतून केलंय ते. तुला काय त्याचं?”

मावशीने फुलातून बांगडी सोडवली. मग म्हणाली, “होय गो बाय, तुझ्या आवशीचाच ता. मी नीट करून दितंय.” आणि दोन सुट्ट्या गॅलरीत बसून तिने ते फूल पुन्हा विणलं, डाव्या हाताने.

मी ओरडले तेव्हा आई तिथेच बसून गवार मोडत होती. तिने मान वर केली नाही.

मुलुंडहून रिक्षाने परत येताना मला आईचा राग आला. गेलेल्या माणसावर रागावून काही होत नाही, तरी आला. रुखवतात अशी लबाडी सगळ्यांकडे चालायची. विणायच्या बहिणी, नाव लागायचं नवरीचं. लग्नापुरती ती केली असती तर मी काही बोलले नसते. पण त्या दिवशी गवार खाली ठेवून आई एक वाक्य बोलू शकली असती.

आईवर रागावणं सोपं होतं. ओरडले होते मी.

परवा भाचीचा पुन्हा फोन आला. टेबलक्लॉथपुढे ठेवायचं कार्ड छापायला द्यायचं होतं. “आत्या, ‘आजीने विणलेला’ असंच टाकू ना?”

मी म्हटलं, आजीने नाही, आजीच्या बहिणीने.

“आजीला बहीण होती?”

तिची काही चूक नाही. मावशी गेली त्याच्या पुढच्या वर्षी ती जन्मली, आणि आमच्याकडे मावशीचा फोटो कधी लागला नाही. आणखी तीस वर्षांनी माझ्याबद्दलही कुणीतरी असंच विचारेल. मी तिला मावशीचं पूर्ण नाव सांगितलं आणि लिहून घ्यायला लावलं. तिने वाचून दाखवलं. या घरात ते नाव किती वर्षांनी कुणाच्या तोंडून ऐकलं कोण जाणे.

फोन ठेवला आणि टेबलक्लॉथ टेबलावर पसरला. जोडलेला भाग दिसतोच, बाईंनी सांगितलं होतं तसा. कोपऱ्यातलं फूल मात्र कितीही शोधलं तरी इतर फुलांत ओळखू येत नाही. मी मोठ्याने म्हटलं, “हे मावशीने केलंय.” चौदाव्या वर्षी ओरडले तेव्हा ऐकायला ती समोर उभी होती.

आता घरात मी एकटीच होते.