मॅथ्यू साहेबांची सव्वा मूठ

अमळनेरच्या फलाटावर उभी होते तेव्हा माझ्या एका हातात गंगाफळ (लाल भोपळा) होतं आणि दुसऱ्या हातात शिट्टी. गंगाफळ वहिनीने मागवलं होतं, कारण आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या नैवेद्याला सुरतेचा भोपळा चालत नाही असं तिचं ठाम मत आहे. शिट्टी मात्र माझी मी विकत घेतली होती. आमचे हे म्हणाले, फुटबॉलमध्ये शिट्टी पंच वाजवतो, प्रेक्षक नाही. त्यांचं सगळं ऐकत बसले असते तर मी आजवर पारोळ्याच्या पुढे गेले नसते.

मी निघाले होते ते माझ्या भाच्यासाठी. रोशन हा दादाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. दादा तरुणपणी लूमवर कामाला म्हणून सुरतेला गेला आणि तिथलाच झाला. रोशनचा जन्म सुरतेतल्या लिंबायतचा. पोरगा फुटबॉल खेळतो, आणि त्याचा पगार घेतो. हे वाक्य मी अमळनेरच्या बायकांना इतक्यांदा ऐकवलंय की त्या आता मला बघून रस्ता बदलतात. पण गेल्या वर्षी त्याचा गुडघा फुटला, ऑपरेशन झालं आणि गोव्यातल्या क्लबने त्याला सोडून दिलं. आता केरळातल्या एका क्लबचे साहेब रविवारी त्याला खेळताना बघायला येणार होते. त्यांनी नाही म्हटलं तर सोमवारपासून साडीच्या दुकानात गादीवर बसायचं, असा शब्द रोशनने दादाला दिला होता. आणि तो रविवार नेमका कानबाईचा होता.

नंदुरबार सोडलं की डोंगर हिरवेगार होतात आणि भाषा पातळ होत जाते. आमच्या डब्यातल्या चणेवाल्याने मराठीत ओरडायला सुरुवात केली आणि नवापूर येईपर्यंत तो गुजरातीत पोहोचला होता. नवापूरचं स्टेशन मला फार आवडतं. ते अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. तिथे एक बाकडंसुद्धा असं आहे की नवरा एका राज्यात बसतो आणि बायको दुसऱ्या. आमच्यासारख्यांनी तिथे बसून भांडावं, म्हणजे निकाल कुठल्या कोर्टात लावायचा हाच प्रश्न पडेल.

उधन्याला उतरले. रोशन न्यायला आला होता. वाकून पाया पडला तेव्हा मी त्याच्या गुडघ्याकडेच बघत होते. तो हसून म्हणाला, "फुई (आत्या), गुडघा बरा शे. माझ्याकडं बघ ना."

रिक्षात बसवण्याआधी त्याने मला लोचो खाऊ घातला. लोचो म्हणजे ढोकळा व्हायला निघालेलं आणि वाटेत विचार बदललेलं पीठ. वर तेल, शेव, कांदा. मी दोन प्लेट खाल्ल्या आणि तिसरीकडे नुसतं बघितलं.

लिंबायतमध्ये शिरताना लूमचा खटखटाट आधी ऐकू येतो, मग माणसं दिसतात. कानबाईसाठी गल्लीभर मांडव घातले होते. एका टोकाला अहिराणी गाणी, दुसऱ्या टोकाला गुजराती, मधे रिक्षावाल्यांचं हिंदी. रिक्षात रोशनने त्याची सगळी कारकीर्द सांगितली. इथे मैदानावर त्याला "मराठी" म्हणून हाक मारायचे. पुण्याला निवड चाचणीला गेला तर तिथल्या पोरांनी त्याचं नाव "गुजराती" ठेवलं. गोव्यात तो "सुरती" झाला. तो हे अगदी मजेत सांगत होता. मी मात्र मनातल्या मनात त्या प्रत्येक नावाला एकेक शिवी हासडत होते.

आता आमच्या कानबाईचं सांगते, कारण पुढचा सगळा गोंधळ तिच्यामुळे झाला. आमच्यात घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात. ते दळून त्याचे रोट (जाड गोड पोळ्या) करतात. हे रोट घराबाहेर जात नाहीत आणि भाऊबंदांशिवाय कुणी खात नाही. बाकी पाहुण्यांना पुरणपोळी. लग्न झालेली लेक परक्या कुळाची झाली, तिलाही रोट नाही. म्हणजे दळायचं बायकांनी, भाजायचं बायकांनी आणि मूठ पुरुषांची. माझ्या सासरी कानबाई बसत नाही. त्यामुळे लग्नानंतर मी रोटाचा फक्त वास घेतलाय. मी वाढायला मात्र कुणाची हरकत नसते.

रविवारी दुपारी दारातल्या मांडवात भाऊबंदांची पंगत बसली. कोसाडहून, बारडोलीहून, कुठून कुठून माणसं आली होती आणि निम्म्यांना मी ओळखत नव्हते. पंगतीच्या टोकाला एक सावळे, चष्मेवाले गृहस्थ डोक्यावर रुमाल बांधून बसले होते. मी अहिराणीत विचारलं, कसा शेस भाऊ? त्यांनी मान हलवली. घरचे बरे आहेत ना? पुन्हा मान हलवली. मला वाटलं, बारडोलीच्या चुलतभावांपैकी असणार. ते लोक मुळातच कमी बोलतात. मी त्यांच्या पानात रोट वाढला, वर तूप ओतलं आणि म्हटलं, "खाई ले रे भाऊ, लाजू नको." त्यांनी तो खाल्ला, म्हणून दुसरा वाढला. तोही त्यांनी मनापासून खाल्ला.

एवढ्यात रोशन धावत आला. तो साहेबांना आणायला स्टेशनवर गेला होता आणि साहेब तिथे नव्हतेच. ते आधीच्या गाडीने उतरून पत्ता विचारत थेट घरी आले होते, आणि मांडवातल्या कुणीतरी त्यांच्या डोक्यावर रुमाल बांधून त्यांना पंगतीत बसवलं होतं. रोशनने टोकाला बघितलं, मग रिकाम्या पानाकडे, मग माझ्याकडे.

"फुई, हे मॅथ्यू साहेब."

मी तुपाचं भांडं पाठीमागे लपवलं. वहिनीने उरलेले रोट पदराखाली झाकले. ज्या दिवशी पोराच्या गुडघ्याची परीक्षा, त्याच दिवशी कानबाईचा रोट परक्याच्या पोटात गेला होता. सगळे नथू आप्पांकडे बघू लागले. आप्पा भाऊबंदांतले सगळ्यात वडील, त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी मिशीवरचं तूप पुसलं आणि संध्याकाळी बघू, आधी मॅच होऊ द्या, असं सांगितलं. मॅथ्यू साहेब हात धुऊन आले आणि मोडक्या हिंदीत मला म्हणाले की रोटी फार छान होती, आणखी आहे का.

मैदानावर चिखल होता. एका बाजूला रोशनचा जुना लूमवाल्यांचा संघ आणि दुसऱ्या बाजूला बाजारातल्या पोरांचा. आमची सगळी पंगतच उठून मैदानावर आली होती, निम्म्यांच्या डोक्यावर अजून रुमाल होते. मला फुटबॉलमधलं एवढंच कळतं की चेंडू आपल्या पोराकडे असला की बरं वाटतं. रोशनकडे चेंडू आला की तो चिखलातून अंगणात फिरल्यासारखा जायचा. माझ्या अंगावर मूठभर मांस चढत होतं. साहेब मात्र गोल कुठे होतोय ते बघतच नव्हते. ते फक्त त्याच्या पायांकडे बघत होते.

आणि रोशन पडला. एका धिप्पाड पोराशी टक्कर झाली आणि तो गुडघा धरून चिखलात बसला. आमच्या सगळ्या घराने मान वळवून माझ्याकडे बघितलं. हातात शिट्टी होती, ती मी जीव खाऊन फुंकली.

दोन्ही संघ जागच्या जागी उभे राहिले. चेंडू एकटाच घरंगळत बाहेर गेला. पंच आधी स्वतःच्या शिट्टीकडे बघत राहिला आणि मग मला शोधत आला. दादाने मला हळूच आपल्या मागे उभं केलं. तेवढ्यात मैदानातून हसण्याचा आवाज आला. रोशन चिखलात बसून पोट धरून हसत होता. हसत हसत तो उठला, गुडघा दोनदा झटकला आणि धावायला लागला. त्यानंतर तो असा खेळला की मांडवातले ढोलवाले मैदानावर येऊन वाजवू लागले. शेवटचा गोल त्याने त्याच पायाने मारला.

साहेबांनी मात्र हो-नाही काही सांगितलं नाही. सगळ्यांशी हात मिळवले, उद्या कळवतो म्हणाले आणि स्टेशनकडे निघून गेले. रोशन त्यांची रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत उभा होता.

संध्याकाळी कानबाई बसली. नारळाला डोळे, नथ, साडी. देवी इतकी देखणी दिसत होती की मला रडू आलं. मी तिच्यासमोर उभं राहून म्हटलं, चूक माझी, पोराला दुकानात बसवू नको. मागे आप्पा उभे होते. त्यांनी गव्हाचा डबा मागवला.

"जो रोट खाई, तो भाऊबंद," आप्पा म्हणाले आणि साहेबांच्या नावाने मूठभर गहू काढले. वर चिमटीने पाव मूठ काढली, कारण हिशेब म्हणजे हिशेब.

आप्पा डब्याचं झाकण लावणार तेवढ्यात रोशनने त्यावर हात ठेवला. तो म्हणाला, "आप्पा, केरळना माणूस भाऊबंद व्हई गया, मग फुईनी मूठ का नही?"

आप्पा डब्यात बघत राहिले. मग त्यांनी पुन्हा हात घातला. वहिनीने आतून रोट आणला आणि तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला. तो गार झाला होता, कडेला थोडा करपलाही होता. इतक्या वर्षांनी तो तोंडात घातला आणि मी दुसऱ्या तुकड्यासाठी हात पुढे केला.

सोमवारी सकाळी तापीवर कानबाईला निरोप दिला आणि मी परतीच्या गाडीत बसले. गंगाफळ संपलं होतं. शिट्टी वहिनीने काढून घेतली होती. साहेबांचा फोन आला नव्हता. प्रत्येक स्टेशनला मी मोबाइल बघत होते आणि समोरची बाई मला बघत होती. शेवटी न राहवून मी तिला सगळी हकीकत सांगितली. अर्धा डबा ऐकायला गोळा झाला.

नवापूरला गाडी थांबली. मी चहा घ्यायला उतरले आणि त्या बाकड्यावर बसते न बसते तोच फोन वाजला.

"फुई," रोशन म्हणाला, "व्हई गयं."

पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही, कारण मी ओरडत होते. त्याला बुधवारी निघायचं होतं. आणि आपल्या नावाच्या मुठीचं रोशनकडून कळल्यावर साहेबांनी निरोप दिला होता की पुढच्या वर्षी आपण येऊ न येऊ, आपली मूठ तेवढी काढून ठेवा. मी चहावाल्यापासून खिडकीतल्या अनोळखी माणसांपर्यंत सगळ्यांना सांगत सुटले. समोरची बाई खिडकीतून हसत होती. तिच्या शेजारच्या काकांनी चष्मा वर केला.

"पण पोरगा कुठला म्हणायचा?" त्यांनी विचारलं. "गुजरातचा की महाराष्ट्राचा?"

गाडीने भोंगा दिला. मी बाकड्यावरून उठले आणि धावत येऊन दांडा पकडला.

"आमना शे," मी म्हटलं.