खांद्याला न लागणारा पट्टा

वस्तू अंगावर वागवण्याची कला या पृथ्वीतलावर एकाच माणसाला पुरती साधली आहे, आणि माझं दुर्दैव असं की तो माझ्या बायकोचा मावसभाऊ आहे. दुसऱ्या कुणाचा मावसभाऊ असता तर मी त्याचं मोकळ्या मनाने कौतुक केलं असतं. पण हा इथे नेदरलँड्समध्ये, न्यूनेन गावी, आमच्या मागच्याच गल्लीत राहायचा, दर रविवारी सकाळी "जय भीम, दाजी!" म्हणत दारात उभा राहायचा, आणि तो आत आला की माझ्याच घरात मी पाहुणा व्हायचो. मला "चहा ठेवलाय, गाळून घे" एवढंच सांगणारी माझी बायको त्याच्यासाठी आलं किसायला बसायची. आणि आमची लेक मित्रा, मी मराठीत काहीही विचारलं तरी डचमध्ये उत्तर देणारी, ती "मामा, तू उशीर केला!" असं चक्क मराठीत ओरडत जिना उतरायची. व्याकरणाच्या चुका असायच्या. पण मराठी होती, आणि ती त्याच्यासाठी होती. माझ्या वाट्याला बहुतेक वेळा "ने, पापा", म्हणजे "नाही, पापा", एवढंच यायचं. मला त्या माणसाचा हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला उगाच थोर समजणार नाही.

या मावसभावाच्या सगळ्या लौकिकाचं मूळ म्हणजे एक कातडी पट्टा. नेदरलँड्सला येण्याआधी तो काही वर्षं अमेरिकेत, एका डोंगराळ राज्यात नोकरीला होता. तिथलं अख्खं ऑफिस सुट्टी लागली की शिकारीला जायचं. एकट्याने मागे राहणं बरं दिसत नाही म्हणून यानेही रीतसर परवाना काढला आणि एक पिस्तूल घेतलं. सिनेमातलं खिशात मावणारं नव्हे. चांगलं हातभर लांब नळीचं, वर दुर्बीण बसवलेलं, खास शिकारीचं पिस्तूल. आता हा पडला पंचशील घेतलेला माणूस. घरात कोळी दिसला तर त्याला पोस्टकार्डावर घेऊन बागेत सोडून येणारा. त्याने हरीण मारणं शक्यच नव्हतं, आणि त्याने मारलंही नाही. तो फक्त पिस्तूल नीट घेऊन जायचा आणि नीट परत घेऊन यायचा. बाकीचे लोक शिकारीत प्रवीण झाले; हा शिकारीला जाताना हत्यार कसं वागवावं यात प्रवीण झाला. एकदा मी मुद्दाम चारचौघांत विचारलं, "काय रे, मारलंस तरी काय काय?" तर शांतपणे म्हणाला, "काही नाही दाजी. पण माझ्यामुळे कुणाला खरचटलंसुद्धा नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि प्रश्न विचारून मीच तोंडघशी पडलो.

या विषयावर त्याला बोलायला लावलं की रविवार संपायचा. कमरेला लावलं तर काय होतं? बसताना नळी जमिनीला टेकते, चालताना दुर्बीण मांडीवर आपटते आणि झुडपात अडकते. काखेत लावलं तर? मागून येणाऱ्या माणसाकडे सतत नळी रोखलेली राहते, "आणि मागचा माणूस मित्र असतो ना, दाजी." पाठीवरच्या पिशवीत टाकलं तर धक्के बसून दुर्बिणीचा नेम सरकतो, आणि बाहेर काढताना हात कुठे पडेल ते सांगता येत नाही. म्हणून छातीवर, तिरपं, नळी खाली आणि अंगापासून बाहेर, चाप पूर्ण झाकलेला, वरून एक बंद, दुर्बिणीच्या काचांवर टोपणं, आणि सगळं वजन दोन्ही खांद्यांवरून पाठीवर वाटलेलं. माणूस बुटाची नाडी बांधायला वाकला तरी ते हलता कामा नये. कुंपण किंवा ओढा ओलांडायचा असेल तर आधी गोळ्या काढायच्या, मग पाय उचलायचा. दोन्ही हात कायम मोकळे. आणि सर्वांत मोठा नियम म्हणजे ज्याच्यावर गोळी झाडायची नाही त्याच्याकडे पिस्तुलाच्या दुर्बिणीतून बघायचं नाही. याला तर कशावरच झाडायची नव्हती, त्यामुळे रानात त्या महागड्या दुर्बिणीला त्याने कधी डोळा लावला नाही. हरणं बघायला तो गळ्यात दुसरी, साधी दुर्बीण अडकवायचा. हे ऐकून मी पोट धरून हसलो होतो. माझी बायको मात्र म्हणाली, "किती विचार करतो हा! नाहीतर काही लोक, घराची किल्ली कुठल्या खिशात आहे ते दार आल्यावर शोधतात." काही लोक म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही.

अमेरिका सोडताना पिस्तूल त्याने दुकानदाराला परत विकलं. पट्टा मात्र सोडवेना, कारण तो त्याने स्वतः कापून, शिवून, कैक वेळा उसवून बेतलेला होता. इकडे पिस्तुलाने शिकार करायला मुळात परवानगीच नाही. पण खांद्याची सवय जाऊ नये म्हणून रोज फिरायला जाताना पट्टा चढवायचाच, आणि रिकामा पट्टा नीट बसत नाही म्हणून त्यात तेवढ्याच वजनाचं काहीतरी घालायचं, असं त्याने ठरवलं. आमच्या स्वयंपाकघरातल्या एकेक वस्तू तो हातात तोलून बघू लागला. शेवटी पसंत पडला आमच्या खलबत्त्यातला लोखंडी बत्ता. माझ्या आईने तो पिंपरीहून येताना विमान कंपनीच्या माणसाशी भांडून सामानात घालून आणला होता, केवळ मला लसणाची चटणी कुटलेली आवडते म्हणून. बायकोने क्षणाचाही विचार न करता तो उचलून दिला. "ने रे, आमच्याकडे मिक्सर आहे." तेव्हापासून माझा बत्ता रोज दोन तास ताजी हवा खाऊ लागला आणि मी मिक्सरमधली चटणी.

एकदा कुणा आजीबाईंना छातीवर पट्टा बांधून तळ्याकाठी उभा असलेला हा सावळा इसम संशयास्पद वाटला, आणि त्यांनी फोन केला. आमच्या भागाचा पोलीस सायकलवरून आला. मीही नेमका तिथे होतो. मला वाटलं, चला, आज तरी याची जिरेल. (त्याला काही होऊ नये असंही वाटत होतं, पण थोडी जिरावी.) याने दोन्ही हात वर केले, आत काय आहे ते सावकाश सांगितलं आणि पोलिसालाच बंद सोडू दिला. आतून बत्ता निघाला. पोलिसाने तो उलटसुलट करून विचारलं, "हे काय?" याने सांगितलं, "लसूण ठेचायचं साधन." पोलिसाने बराच वेळ विचार केला आणि मग बत्ता सोडून पट्ट्याबद्दलच चौकशी सुरू केली. झालं होतं असं की दिवसभर कमरेला पिस्तूल बाळगून त्याची स्वतःची कंबर धरली होती. पुढची काही मिनिटं मी रस्त्याच्या कडेला दोन सायकली धरून उभा होतो आणि न्यूनेनचा कायदा-सुव्यवस्था विभाग माझ्या मेहुण्याचा पट्टा चढवून, माझा बत्ता छातीवर घेऊन, खाली वाकून बुटाची नाडी बांधून बघत होता. मी या गावात त्याच्या कितीतरी आधीपासून राहतो. तो पोलीस आजही मला ओळखत नाही. मेहुण्याला मात्र लांबून हात करायचा.

माझा उजवा खांदा तेव्हा धरलेला असायचा. हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरने, नेहमीप्रमाणे पॅरासिटामॉल घ्या आणि वाट बघा असं सांगितलं होतं. मी हात दाखवून अवलक्षण करावं तसा एकदा याच्यासमोर कण्हलो. त्याने माझी लॅपटॉपची बॅग मागितली, पट्टे सोडले, एक आडवा बंद शिवला आणि म्हणाला, "वजन लटकवायचं नाही, दाजी. टेकवायचं." खांदा बरा झाला. याचा मला जो राग आला तो आधीच्या दुखण्यापेक्षा जास्त होता. बायकोने फोनवर माझ्या आईलाही ही बातमी दिली, आणि आई मला म्हणाली, "गुणी आहे रे तो. जरा शिक त्याच्याकडून."

मग मी एक बेत केला. ऑगस्टमध्ये गावाबाहेरच्या माळावर हीदरची झुडपं फुलतात आणि सगळं रान जांभळं होतं. एका शनिवारी मित्राला तिथे घेऊन जायचं, फक्त मी आणि ती. तीन तास तिच्याशी बोलायला मी आणि माझ्याशी बोलायला ती, दुसरं कुणी नाही. वाटेत काय काय विचारायचं हेही मी ठरवून ठेवलं होतं. निघायच्या वेळी पाहतो तर मागच्या सीटवर हा, छातीवर बत्ता. "मी बोलावलं मामाला," मित्रा म्हणाली. मी गाडी सुरू केली.

व्हायचं तेच झालं. ती दोघं पुढे आणि मी मागे. तो तिला साध्या दुर्बिणीतून पाखरं दाखवत होता, ती मराठीत प्रश्नांवर प्रश्न विचारत होती, आणि मी थर्मास, छत्री, डबा असं सगळं दोन्ही हातांत घेऊन त्यांच्या पाठी बघत चाललो होतो. माळाच्या अगदी मध्यावर ओढ्यावर टाकलेल्या फळीवरून ती उडी मारायला गेली आणि पाय मुरगळून खाली बसली. घोटा बघता बघता सुजला. मी हातातलं सगळं टाकून धावलो, तिला दोन्ही हातांवर उचललं आणि मेहुण्याला म्हणालो, "माझी मुलगी आहे, मी नेतो." पहिल्या वळणापर्यंत नेलं. तिथे माझा श्वास संपला. मी तिला एका ओंडक्यावर बसवलं आणि बुटात खडा गेल्याचं निमित्त केलं. त्याने पट्ट्यातला बत्ता काढून माझ्या हातात दिला, बंद सैल केले, रुंद पट्ट्याची बैठक करून ती तिच्या मांड्यांखालून घेतली आणि तिला पाठीवर चढवलं. दोन्ही हात मोकळे. पाय जपत, डुलत नाही की हिसका नाही, असा तो चालू लागला. आता चित्र असं होतं: माझी लेक त्याच्या पाठीवर, आणि माझ्या काखेत छत्री, हातात माझ्याच आईचा बत्ता. समोरून आलेल्या एका वयस्क जोडप्याने बत्त्याकडे बघून जरा लांबूनच नमस्कार केला. त्या क्षणी मला त्या माणसाचा इतका हेवा वाटला की डोळ्यांत पाणी आलं. ती त्याच्या मानेला मिठी मारून हसत होती. दुखत असताना ती माझ्याकडे बघून रडली होती आणि त्याच्या पाठीवर गेल्यावर हसायला लागली होती.

गाडी अजून बरीच लांब होती तेव्हा तो थांबला. मागे वळून माझ्याकडे बघितलं. किती वेळ बघत होता कोण जाणे. मग म्हणाला, "दाजी, माझा खांदा भरून आलाय. तुम्ही घेता का हिला?"

खांदा भरून आलाय! त्या पट्ट्यात! तो पट्टा घालून हा माणूस डोंगर चढला होता, वर्षानुवर्षं, खांद्याला लागू नये म्हणूनच तर त्याने तो शंभरदा उसवला होता. घाम नव्हता, धाप नव्हती. मी म्हणालो, "मला नाही रे जमणार. बघितलंस ना मघाशी."

"तेव्हा तुम्ही हातांवर घेतली होती. हात दमतात." त्याने पट्टा उतरवला, माझ्या अंगावर चढवला आणि माझ्या पोटाच्या मानाने सैल केला, त्याबद्दल एक अक्षर बोलला नाही. पाठीवरचा बंद ओढला. मित्राला उचलून बसवलं. "श्वास घ्या. सोडा. आता चाला, घाई नको."

मी चाललो. ती हलकी लागली. थोड्या वेळाने तिने हनुवटी माझ्या खांद्यावर टेकवली आणि बोलायला लागली. शाळेबद्दल, कुठल्याशा मैत्रिणीबद्दल, तिच्या वर्गात चाललेल्या कसल्या तरी भांडणाबद्दल. सगळं डचमध्ये. मला निम्मंच कळत होतं. ठरवून ठेवलेला एकही प्रश्न मी विचारला नाही, नुसता "हं, मग?" म्हणत राहिलो. मेहुणा बराच मागे राहून, बत्ता आणि थर्मास सांभाळत, उगाच पाखरं बघत येत होता.

घरी पोचल्यावर बायकोने घोटा बघितला आणि सवयीने त्यालाच विचारलं, "एवढ्या लांबून तूच आणलंस ना हिला उचलून?"

"नाही ताई," तो बूट काढता काढता म्हणाला, "दाजींनी आणलं."

गेल्या वर्षी नोकरी बदलून तो नीउ-व्हेनेप नावाच्या लांबच्या गावी राहायला गेला. रविवारी बेल वाजत नाही, आणि चहा आम्ही दोघंही आपापला गाळून घेतो. मित्रा आता माझ्या खांद्याला लागते. तिला कुणी उचलून घ्यायचे दिवस संपले. सायकलवर दप्तर टाकून सकाळी निघून जाते, आणि कधी कधी संध्याकाळी आपणहून काहीतरी सांगत बसते. तिचं सांगून झालं की मला त्याची आठवण येते. पंचशीलातलं मुसावादा, म्हणजे खोटं न बोलण्याचं शील, म्हणताना ज्याचा आवाज जरा जास्तच खणखणीत लागायचा, तो माणूस त्या एका दुपारी दोनदा खोटं बोलला, आणि दोन्ही वेळा माझ्यासाठी. त्याच्या जागी मी असतो आणि ती माझ्या पाठीवर तशी हसत असती, तर मी तिला गाडीपर्यंत खाली उतरवलं नसतं. त्याने उतरवलं. मला त्याचा अजून हेवा वाटतो, तो आता एवढ्याचसाठी.