डावरीनं निवडलेला कोयता

गंगाखेडच्या खाली गोदावरीकाठच्या एका गावात लिंबाजीची बायको मनकर्णा डावरी म्हणून ओळखली जायची. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिनं डाव्या हातानं भाकरी वाढली, तेव्हा सासू सारजाबाईनं तापलेलं उलथनं त्या हातावर टेकवलं. तेव्हापासून घरात ती उजव्या हातानं वाढायची, रानात मात्र डाव्यानंच कापायची. तिथं सासू गप्प बसायची, कारण सून दोन बायांचं काम उपसायची.

विळा निवडावा तर मनकर्णेनंच, असं गावातल्या बाया म्हणायच्या. पातं दगडावर हलकेच वाजवून ती कान द्यायची. बद्द आवाज आला की आत चीर आहे म्हणून तो विळा बाजूला. मग एक डोळा मिटून धारेवरून नजर फिरवायची, मूठ हलते का बघायची. तिचा स्वतःचा विळा वैजीनाथ लोहारानं वेगळा करून दिला होता. बाजारच्या विळ्यांना उजव्या हाताच्या बेतानं एकाच अंगानं धार असते. डाव्या हातात ते खोडावरून सरकतात. वैजीनाथनं तिच्या विळ्याला दुसऱ्या अंगानं धार लावली होती.

नामांतराच्या दंगलीत गावाबाहेरची वस्ती जळाली आणि तिथली माणसं परभणीला निघून गेली. गावात त्यावर कुणी बोलत नसे. गावचे मोठे जमीनदार भगवानराव यांच्या तंबाखूला मात्र कापणारे हात कमी पडायला लागले, तेव्हा त्यांनी लिंबाजीसारख्या दीड-दोन एकरवाल्यांना बायकांसह बोलावलं. दंगलीनंतरच्या दुसऱ्या माघात मनकर्णा त्यांच्या रानात उतरली.

भगवानरावांनी मानवतच्या बाजारातून नवे विळे आणून रानाच्या कडेला धुऱ्यावर ओतले होते. मनकर्णेनं एकेक वाजवून बायांना निवडून दिले. चार बाजूला टाकले. ते भगवानरावांना आवडलं नाही.

"आन् तुझा?" त्यांनी विचारलं.

"मी माझा आणलाय, मालक."

"मी आणलेल्याला काय झालं?"

"तुमचे उजव्या हाताचे हायत. मला सरकत्यात."

"मग उजव्यानं काप. डाव्या हातानं काय धुत्यात, म्हाईत न्हाई का तुला?"

बाया हसल्या. त्यांतली नर्मदाबाई सगळ्यात मोठ्यानं हसली. तिला नुकताच चांगला विळा मिळाला होता. भगवानरावांनी मनकर्णेच्या हातातला विळा घेतला, विहिरीच्या दोन चिऱ्यांच्या फटीत पातं अडकवलं आणि एका हिसक्यात मोडलं. मग तिनं बाजूला टाकलेल्या चारांतलाच एक उचलून तिला दिला.

तंबाखूचं खोड बुडाशी एका घावात तुटलं पाहिजे. दुसरा घाव पडला की झाड हिंदकळतं आणि पानं फाटतात. उजव्या हातानं तिला तीन-तीन घाव लागत होते. भगवानराव तिच्या मागून चालत होते. फाटलेलं प्रत्येक पान ते तिला डोक्यावरच्या पदरात खोचायला लावत. दुपारपर्यंत तिचं डोकं हिरव्या पानांनी भरलं. त्या उग्र वासानं तिला मळमळायला लागलं, चिकानं हात काळे झाले. दोन तास, म्हणजे झाडांच्या दोन ओळी, सोडून पलीकडं लिंबाजी कापत होता. त्यानं मान वर केली नाही.

शेवटी तिनं विळा डाव्या हातात घेतला. पहिली चार झाडं पडली. पाचव्याला पातं खोडावरून सरकलं आणि खोड धरलेल्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांत हाडापर्यंत गेलं.

"पानं बाजूला काढा," भगवानराव बायांना म्हणाले. "रक्त लागलेला माल कोण घेतंय."

बायांनी आधी पानं काढली. लिंबाजीनं हातातला तास संपवला, मग आला. गंगाखेडला यष्टीनं जाईपर्यंत संध्याकाळ झाली. टाके पडले, पण दोन्ही बोटं आत वळून आखडली ती कायमचीच.

"आता उजवाबी गेला," सारजाबाई म्हणाली. "खुशाल जेव डाव्यानं."

दिवाळीपुढं ऊसतोडीचा मुकादम राधाकिशन आला. उसाच्या फडावर नवरा-बायकोची जोडी लागते; एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. त्यानं मनकर्णेचा हात उलटा-पालटा करून पाहिला, बैलाचा खूर पाहावा तसा.

"हिला मोळी बांधता यायची न्हाई. अर्धा कोयता मी न्हेत न्हाई, लिंबाजी."

तीन आठवड्यांत लिंबाजीनं दुसरी बायको आणली. दैवशाला तिचं नाव, वय एकोणीस. सारजाबाईनं तिची ओटी मनकर्णेलाच भरायला लावली.

ऊसतोडीला जायच्या आदल्या दिवशी लिंबाजीनं दोन कोयते मनकर्णेपुढं ठेवले. "हिच्यासाठी एक निवड. तुला कळतंय," तो म्हणाला. दुसरा वैजीनाथकडं परत जायचा होता.

मनकर्णेनं दोन्ही वाजवले. एक हलका, मनगटात सहज फिरणारा. दुसरा पात्याकडं जड. दिवसभर चालवला तर बाईचं मनगट मोडील असा. दैवशाला समोर बसून बघत होती, तिचा चुडा अजून नवा होता. मनकर्णेनं जड कोयता तिच्याकडं सरकवला.

"तुमी दिला म्हंजी चांगलाच असल, आक्का," दैवशाला म्हणाली.

चैत्रात जोडी परत आली. दैवशालाचा हात मनगटापासून कोपरापर्यंत सुजला होता, तांब्या धरवत नव्हता.

"मुकादम म्हनायचा, कोयता जड हाय, बदल," ती सांगत होती. "मी बदलला न्हाई. म्हनलं, आमच्या आक्कानं निवडलाय."

मनकर्णा उठली. तिनं चुलीवर पाणी ठेवलं, मीठ टाकलं आणि दैवशालाचा हात मांडीवर घेऊन फडक्यानं शेकायला लागली. पाणी निवलं की उठून पुन्हा तापवून आणत होती. दारातून सारजाबाई ओरडली, "डाव्या हातानं शेकू नको तिला," तरी तिनं हात बदलला नाही.