एक तारखेचं हसू

आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, शास्त्रज्ञ आहेत. कशाचे? उंदरांच्या मिशांचे. हसू नका, खरंच सांगते. उंदराच्या गालातली नस चिमट्याने दाबायची आणि मिशा पुन्हा कधी हलतात ते बघत बसायचं. नस दुखावली की शरीर तिथे नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतं म्हणे. फार झाला तर तोच नस जाळतो, अजिबात नसला तर मेलेल्या नसेचा कचरा साफ होत नाही आणि नवा धागा पुढे सरकत नाही. एवढ्यावर या माणसाने केस पांढरे केले.

मग कानाखालची गाठ काढताना खुद्द ताईचीच नस दुखावली. अर्धा चेहरा लोंबला. चहा ओठातून गळायचा, डोळा मिटायचा नाही. मी मदतीला येऊन राहिले. वाटलं, आता तरी यांची विद्या घरी उपयोगी पडेल. कसलं काय!

"वायू आपलं काम करेल," दाजी म्हणाले. "मी दर एक तारखेला फोटो काढून ताडून बघेन. मधे बघणार नाही. रोज बघितलं की नजर फसते."

आणि खरंच बघेनासे झाले की हो! जेवताना ताटाशी बोलायचे. ताईने हाक मारली की भिंतीकडे तोंड करून "हं" म्हणायचे. प्रयोगशाळेत मोजणाऱ्याला म्हणे कुठल्या उंदराला काय औषध दिलं ते कळू देत नाहीत, तीच शिस्त घरी. अहो, पण ही बायको आहे! उंटावरचे शहाणे ते.

ताई गालावर हात ठेवून वावरायची. एकदा हळूच म्हणाली, "त्यांना माझी किळस येत असेल का गं?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

एका सकाळी दात घासताना ती ओरडली. मी धावले. ओठाचा मेलेला कोपरा थरथरला होता. पुढे रोज थोडा थोडा उचलायला लागला, आणि एक दिवस ताई चक्क हसली. जरा वाकडं, पण हसूच ते! तशीच धावत दाजींपुढे जाऊन उभी राहिली.

"अहो, बघा ना!"

दाजींनी डोळ्यांवर हात घेतला. "एक तारखेला! सगळं मोजमाप नासवशील."

ताईने पुन्हा गालावर हात ठेवला. मग भांडी घासायला गेली.

एक तारीख उजाडली. दाजींनी कॅमेरा लावला, खुर्ची मांडली, आणि महिन्यात पहिल्यांदा बायकोकडे नीट बघितलं.

"हं, हस."

ताई हसली नाही.

"जोर लाव."

ताई ढिम्म.

"सुधारणा शून्य," दाजी पुटपुटले. "असू दे. पुढच्या एक तारखेला बघू."

ताई स्वयंपाकघरात आली, दार लोटलं आणि माझ्याकडे बघून दोन्ही गालांनी हसली.

"पुढच्या एक तारखेला तुझ्याकडे येऊ का गं राहायला?"

"तोवर कशाला थांबतेस?" मी म्हटलं. "आजच चल."